बनावट प्रोफाइल काढले तरी पुन्हा तयार होते: मूळ कारण कसे शोधावे

आपल्या नावाचे आणि आपल्याच छायाचित्राचे दुसरे खाते फेसबुकवर उघडले जाते, त्यावरून आपल्या ओळखीच्या माणसांना फ्रेंड रिक्वेस्ट जातात, आणि जो ती स्वीकारतो त्याला दोन-चार मिनिटांत मेसेंजरवर ‘कसे आहात, घरी सगळे बरे ना’ अशी विचारपूस येते. विचारपूस संपते न संपते तोच मागणी येते: दवाखान्यात अडकलो आहे, माझे गुगल पे चालत नाही, पंधरा हजार पाठवा, उद्या सकाळी परत करतो. या मागणीचा दुसरा एक अवतारही बराच फिरतो. त्यात पैसे थेट मागितले जात नाहीत. ‘माझा एक मित्र केंद्रीय राखीव पोलीस दलात अधिकारी आहे, त्याची बदली झाली आहे, फ्रिज, सोफा, कपाट असे घरातले सर्व सामान तो अगदी स्वस्तात देतो आहे, तुमचा नंबर त्याला देतो’ असे सांगितले जाते आणि पुढचे काम तो ‘मित्र’ करतो.

तक्रार केली की असे खाते बहुधा काढले जाते. अडचण ही की काही आठवड्यांनी ते पुन्हा उगवते, तेच छायाचित्र, तेच नाव आणि बऱ्याचदा तीच माणसे. हा लेख त्या ‘पुन्हा’विषयी आहे. माझे मामा सातारा जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या बाबतीत हा प्रकार दीड वर्षात तीन वेळा घडला आणि तिसऱ्या वेळी त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याचे आठ हजार रुपये गेले. पहिल्या दोन वेळी आम्ही केले ते सगळेच करतात: खात्याची तक्रार केली, पासवर्ड बदलला आणि ‘सावध राहा’ अशी सूचना टाकली. यांपैकी एकाही उपायाने मूळ कारणाला हात लागला नव्हता, आणि एका उपायाने तर उलट नुकसान केले होते. ते पुढे येईलच.

आधी निदान: खाते हॅक झाले आहे की त्याची नक्कल झाली आहे?

‘माझे अकाउंट हॅक झाले आहे’ असे म्हणणाऱ्या दहांपैकी बहुतेकांचे खाते सुरक्षितच असते. त्याची केवळ नक्कल झालेली असते. हा फरक शब्दांचा नाही, कारण दोन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. ज्या परिचिताला मागणीचा मजकूर आला असेल त्याला एवढेच विचारावे की तो मजकूर जुन्या संभाषणाच्या खाली आला, की नवी रिक्वेस्ट स्वीकारल्यावर कोऱ्या खिडकीत आला. जुन्या संभाषणाखाली आला असेल, तर कोणीतरी खरोखरच तुमच्या खात्यात शिरलेले आहे. अशा वेळी पासवर्ड बदलणे, इतर सर्व उपकरणांवरून लॉग-आउट करणे, खात्याला जोडलेला ई-मेल आणि मोबाइल क्रमांक आपलाच आहे याची खात्री करणे आणि दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक सांकेतिक क्रमांक मागण्याची सोय) चालू करणे ही कामे त्याच क्षणी करावीत.

मजकूर कोऱ्या खिडकीत आला असेल, तर मात्र पासवर्डचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही. नक्कल करणाऱ्याने तुमचे कुलूप तोडलेले नसते. दारावरची पाटी पाहून त्याने तशीच दुसरी पाटी रंगवून घेतलेली असते. कुलूप कितीही वेळा बदलले तरी पाटी रस्त्यावरून दिसतच राहते, आणि पासवर्ड बदलून निश्चिंत झालेल्या माणसाची नक्कल पुन्हा होते ती यामुळेच.

या टप्प्यावर आणखी एक गोष्ट तपासावी, जी ऐकायला विनोदी वाटेल. पासवर्ड विसरला म्हणून नवे खाते, फोन बदलला म्हणून आणखी एक नवे खाते, असे करत आपल्याकडील अनेक ज्येष्ठांची दोन-तीन खरी खातीच पडून असतात. मामांच्या नावाने जी चार ‘बनावट’ खाती आम्हाला शोधात सापडली, त्यांपैकी एक २०१३ साली त्यांनी स्वतःच उघडलेले निघाले. त्यावर त्यांचा मोबाइल क्रमांक, जन्मतारीख आणि नातवाच्या बारशाची छायाचित्रे सर्वांसाठी उघडी होती. अशी जुनी खाती पासवर्ड परत मिळवून रीतसर बंद करावीत, अन्यथा नक्कल करणाऱ्याला कच्चा माल तिथूनच मिळत राहतो आणि तक्रार करताना खरे कोणते, खोटे कोणते हा घोळ होतो तो वेगळाच.

बनावट खाते चालू असताना करावयाची कामे

बनावट खाते उघडणारा माणूस मूळ व्यक्तीला आधीच ब्लॉक करून ठेवतो, त्यामुळे तुम्ही कितीही शोधले तरी ते खाते तुम्हाला दिसत नाही आणि ‘आता गेले वाटते’ असा समज होतो. ते पाहण्यासाठी ज्याला रिक्वेस्ट आली आहे त्याचाच फोन घ्यावा. केवळ नावाचा आणि छायाचित्राचा स्क्रीनशॉट पुरेसा नसतो, कारण त्या नावाची अनेक माणसे असू शकतात आणि बनावट खात्याचे नाव केव्हाही बदलता येते. प्रोफाइलवरील तीन ठिपक्यांच्या मेन्यूतून त्या खात्याची लिंक कॉपी करून जपून ठेवावी, आणि मागणीचा मजकूर, त्यात दिलेला यूपीआय आयडी किंवा फोन क्रमांक व वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत. हे सर्व तक्रार करण्यापूर्वी करावे. खाते काढले गेले की तो मजकूर पुन्हा हाती लागेलच असे नाही, आणि पोलिसांकडे जायची वेळ आली तर हाच पुरावा असतो.

त्यानंतर त्याच मेन्यूत ‘रिपोर्ट’ निवडून हे खाते दुसऱ्या व्यक्तीची बतावणी करते, हा पर्याय घ्यावा. मेन्यूतील शब्द अधूनमधून बदलतात, परंतु बतावणीचा पर्याय असतोच. मित्राने तक्रार केली असेल तर पुढच्या पायरीवर बतावणी कोणाची होत आहे असे विचारले जाते. तिथे तुमचे खरे खाते अचूक निवडणे आवश्यक आहे. घाईत अनेकजण ‘स्पॅम’ किंवा ‘आवडले नाही’ असा पर्याय दाबतात, आणि मग तक्रार भलत्याच खान्यात जाते. पन्नास जणांनी चुकीच्या कारणाखाली तक्रार करण्यापेक्षा दोघा-तिघांनी योग्य कारणाखाली केलेली बरी.

आता सूचनेविषयी. परिचितांना सावध करायलाच हवे, पण ती सूचना केवळ मित्रांना दिसेल अशी टाकावी, किंवा त्याहून उत्तम म्हणजे कुटुंबाच्या आणि जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर द्यावी. आम्ही मामांची सूचना ‘सर्वांपर्यंत पोहोचावी’ म्हणून पब्लिक ठेवली होती. तिच्याखाली पन्नासेक जणांनी ‘हो सर, मलाही आली होती’, ‘काळजी घ्या काका’ असे लिहिले. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, कोणती माणसे मामांना ओळखतात, मान देतात आणि त्यांच्या मजकुराला लगेच उत्तर देतात याची ताजी यादी आम्हीच चव्हाट्यावर मांडली. दर वर्षी फिरणारा तो ‘माझी छायाचित्रे वापरण्यास मी परवानगी देत नाही, हा मजकूर कॉपी करून आपल्या भिंतीवर टाका’ असा संदेशही याच जातीचा आहे. त्याने कोणत्याही कराराच्या अटी बदलत नाहीत. तो टाकणारा माणूस भोळा आहे एवढे मात्र जगाला कळते.

नावे कोठून जातात?

बनावट खाते उभे करायला दोन गोष्टी लागतात: एक छायाचित्र आणि एक यादी. सगळ्यांचे लक्ष छायाचित्राकडे असते, परंतु छायाचित्र हा यातील कमी महत्त्वाचा भाग आहे. तुमचा फोटो लावून अनोळखी हजार जणांना रिक्वेस्ट पाठवली, तर एकही रुपया मिळणार नाही. फसवणुकीला मोल येते ते तुम्हाला ओळखणाऱ्या माणसांच्या यादीमुळे, आणि म्हणून शोध घ्यायचा तो यादी कोठून गेली याचा.

त्यासाठी एक साधी पद्धत आम्हाला उपयोगी पडली, आणि या संपूर्ण लेखातील एकच गोष्ट करायची झाली तर ती हीच करावी असे मी म्हणेन. बनावट खात्याकडून ज्यांना ज्यांना रिक्वेस्ट आली त्या सर्वांची नावे एका वहीत लिहावीत. मग या माणसांमध्ये समान काय आहे ते पाहावे. जवळजवळ सर्व मित्रांना रिक्वेस्ट गेली असेल, तर मित्रयादी उघडी आहे. केवळ एका गावातील, एका कार्यालयातील किंवा एका तुकडीतील माणसांना गेली असेल, तर नावे एखाद्या गटातून किंवा संस्थेच्या पानावरून उचलली आहेत. वर-वर पाहता कसलाही संबंध नसलेल्या तीस-चाळीस जणांना गेली असेल, तर बहुधा त्या सर्वांनी तुमच्या एखाद्या उघड्या छायाचित्रावर लाइक किंवा कॉमेंट केलेली आढळेल.

मामांच्या बाबतीत दुसऱ्या प्रसंगानंतर मित्रयादी मी स्वतः बंद केली होती, त्यामुळे तिसऱ्या वेळी मी चक्रावून गेलो. मामींनी फोन करकरून चौतीस नावे गोळा केली. त्यांपैकी एकोणतीस जणांनी एकाच छायाचित्राला दाद दिलेली होती: सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभाचा, शाल-श्रीफळ हाती घेतलेला फोटो, जो मामांनी कव्हर फोटो म्हणून लावला होता. उरलेल्या पाचांपैकी चौघे त्या पब्लिक सूचनेखाली सापडले. पाचवा कोठून आला ते कळले नाही.

यामागचे कारण असे की फेसबुकवर सध्याचा कव्हर फोटो नेहमीच सार्वजनिक असतो. बाकी सर्व पोस्ट ‘फ्रेंड्स’वर ठेवल्या तरी कव्हर फोटोला ती मर्यादा लागू होत नाही, आणि जो मजकूर सार्वजनिक असतो त्याखालील कॉमेंट आणि लाइक देणाऱ्यांची नावेही सार्वजनिक असतात. म्हणजे मित्रयादीचे दार लावले तरी कव्हर फोटोच्या खिडकीतून त्याच यादीचा सर्वांत उपयोगी भाग दिसत होता. उपयोगी अशासाठी की मित्रयादीत हजार निर्जीव नावे असतात; कॉमेंट करणारी माणसे मात्र जिवंत, आस्था असलेली आणि उत्तर देणारी असतात.

दुसरी खिडकी तुमच्या हातात नसते. तुमची मित्रयादी बंद असली, तरी तुमच्या मेहुण्याची उघडी असेल तर तिच्यात तुमचे नाव दिसतेच, आणि तुमचे प्रोफाइल पाहणाऱ्याला त्याच्या व तुमच्या सामायिक मित्रांची नावे दिसतातच. शिवाय बनावट खात्याची रिक्वेस्ट पंधरा-वीस नातेवाइकांनी स्वीकारली की उरलेली माणसे शोधायची गरज फसवणाऱ्याला राहत नाही. सामायिक मित्र पाहून फेसबुकच त्याला ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून ती सुचवू लागते. म्हणून पहिली वीस नावे मिळणे अवघड करणे, एवढेच आपल्या हाती असते आणि तेवढे बहुधा पुरते.

आपली माहिती दुसऱ्याच्या दारातून बाहेर जाते याचे सर्वांत बोलके उदाहरण केंब्रिज अॅनालिटिका प्रकरणात आहे. या ब्रिटिश राजकीय सल्लागार कंपनीकडे फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती एका व्यक्तिमत्त्व चाचणीतून पोहोचली होती. २०१८ च्या एप्रिलमध्ये फेसबुकने दिलेल्या माहितीनुसार त्या चाचणीचे अॅप भारतात केवळ ३३५ जणांनी घेतले होते, परंतु त्यांच्या मित्रांना धरून ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता होती अशांची संख्या ५,६२,४५५ होती. मित्रांचीही माहिती वाचू देणारी तेव्हाची ती सोय पुढे बंद झाली. पण ‘तुम्ही कोणत्या पेशव्यासारखे दिसता’ किंवा ‘मागच्या जन्मी कोण होता’ असल्या खेळांना प्रोफाइल आणि ई-मेल वाचण्याची परवानगी देताना ही संख्या आठवावी. सेटिंग्जमधील ‘अॅप्स अँड वेबसाइट्स’ हा भाग एकदा उघडला, तर कित्येक वर्षांपूर्वी दिलेल्या अशा परवानग्या तेथे रांगेने बसलेल्या आढळतात. नको त्या काढून टाकाव्यात.

तिसरी खिडकी खास आपल्याकडची आहे. वधू-वर सूचक गटांवर मुलामुलींचे बायोडाटे छायाचित्ररूपात टाकले जातात, आणि त्यांत जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, उंची, पगार, वडिलांचा व्यवसाय, मामांचे आडनाव व गाव आणि घरातील दोघांचे मोबाइल क्रमांक एकाच पानावर असतात. गट पब्लिक असेल तर हे पान कोणालाही उतरवून घेता येते, आणि लग्न ठरून मुले शाळेत जाऊ लागली तरी ते तेथेच असते. कोणत्याही फसवणाऱ्याला याहून सोयीचा कागद मिळणार नाही. बायोडाटा पाठवायचाच तर व्यक्तीला पाठवावा, गटाला पाठवू नये, आणि पूर्वी टाकलेले शोधून काढून टाकावेत.

खिडक्या बंद करण्याचा क्रम

सेटिंग्जमध्ये ‘हाऊ पीपल फाइंड अँड काँटॅक्ट यू’ या नावाचा विभाग आहे. त्यात तुमची मित्रयादी कोणाला दिसावी हा पर्याय मुळात ‘पब्लिक’ असतो; तो ‘ओन्ली मी’ करावा. त्याच ठिकाणी तुमच्या मोबाइल क्रमांकावरून आणि ई-मेलवरून तुम्हाला कोण शोधू शकेल हे ठरवता येते, आणि तेही शक्य तितके आखूड करावे. ही शंकेखोर माणसाची अतिरेकी काळजी नाही. २०१८ च्या एप्रिलपर्यंत शोधपेटीत नुसता क्रमांक टाकून माणूस सापडत असे. ती सोय बंद झाल्यानंतरही संपर्क जुळवण्याच्या सुविधेचा गैरवापर करून गोळा केलेली, सुमारे ५३ कोटी ३० लाख वापरकर्त्यांची माहिती २०२१ च्या एप्रिलमध्ये इंटरनेटवर फुकट वाटली गेली. तिच्यात नावांबरोबर मोबाइल क्रमांक होते. या प्रकरणी आयर्लंडच्या नियामकाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीला २६ कोटी ५० लाख युरोचा दंड केला. दंड झाला म्हणून ते क्रमांक परत आले नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ हा पर्याय वापरावा. पूर्वी पब्लिक टाकलेला सर्व जुना मजकूर त्यामुळे एकदम मित्रांपुरता मर्यादित होतो. मात्र हे एका फटक्यात उलट करता येत नाही. एखादी पोस्ट पुन्हा उघडी करायची झाली तर ती एकेक करावी लागते, हे लेखक, कलाकार किंवा सामाजिक कार्यकर्ते असलेल्यांनी ध्यानात ठेवावे. या उपायाने सर्व झाले असे मात्र समजू नये. जुने प्रोफाइल फोटो आणि जुने कव्हर फोटो आपापल्या अल्बममध्ये असतात आणि त्यांची मर्यादा एकेका फोटोवर जाऊन तपासावी लागते. कंटाळवाणे काम आहे, पण नक्कल करणारे मुद्दाम जुना फोटो उचलतात, कारण तो कोणाच्या चटकन लक्षात येत नाही.

सध्याच्या कव्हर फोटोवर स्वतःचे किंवा कुटुंबाचे छायाचित्र ठेवू नये. शेत, गड, घाट, घरासमोरचे तुळशीवृंदावन, काहीही चालेल. नवा कव्हर फोटो लावला तरी त्यालाही लाइक येणारच, आणि तीही दिसणारच. म्हणून भारतात राहणाऱ्यांनी याच्या जोडीला ‘लॉक प्रोफाइल’ ही सोय वापरावी. ती २०२० च्या मे महिन्यात भारतात सुरू झाली. प्रोफाइल लॉक केले की मित्र नसलेल्यांना प्रोफाइल आणि कव्हर फोटो मोठे करून पाहता येत नाहीत आणि नवा-जुना मजकूरही दिसत नाही. प्रोफाइलवरील तीन ठिपक्यांच्या मेन्यूत हा पर्याय असतो. तो सर्व देशांत उपलब्ध नाही, त्यामुळे परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना तो दिसला नाही तर फोन बिघडला असे समजू नये. त्यांना वरील सर्व मर्यादा एकेक करून लावाव्या लागतील. व्यावसायिक स्वरूपात चालवलेल्या प्रोफाइलचा हेतूच उघडे राहणे हा असल्याने तेथेही कुलपाचा भरवसा धरू नये.

जन्मतारखेतील वर्ष, मोबाइल क्रमांक, नातेसंबंधांची यादी आणि नोकरीचा तपशील हे सर्व ‘ओन्ली मी’ करावे. नातेसंबंधांच्या यादीत ‘भाऊ’, ‘मेहुणी’, ‘पुतण्या’ असे जोडून ठेवण्याची हौस अनेकांना असते. त्यामुळे बनावट खात्यावरून कोणाला ‘दादा’ म्हणायचे आणि कोणाला ‘भाऊजी’ हे आयतेच कळते, आणि नेमक्या त्या एका शब्दामुळे समोरचा माणूस विश्वास ठेवतो.

हे सर्व झाल्यावर ‘व्ह्यू अॅज’ वापरून आपले प्रोफाइल परक्याला कसे दिसते ते पाहावे. माझा अनुभव असा की त्यापेक्षाही मित्रयादीत नसलेल्या शेजाऱ्याच्या फोनवरून पाहणे अधिक डोळे उघडणारे ठरते, कारण शेजारी दाखवलेल्या जागीच पाहत नाही; तो इकडेतिकडे बोट लावतो, आणि फसवणाराही तेच करतो.

हाच प्रकार व्हॉट्सअॅपवर

येथे खात्याची नक्कल याहूनही सोपी असते: अनोळखी क्रमांक, त्यावर तुमचा फोटो आणि ‘हा माझा नवा नंबर आहे, सेव्ह करून ठेव’ असा मजकूर. प्रायव्हसीमध्ये प्रोफाइल फोटो ‘एव्हरीवन’ऐवजी ‘माय काँटॅक्ट्स’वर ठेवावा आणि गटांत कोण समाविष्ट करू शकेल तेथेही तेच करावे. सोसायटीच्या, गावकऱ्यांच्या किंवा माजी विद्यार्थ्यांच्या मोठ्या गटात प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाला दिसतो, म्हणून शेकडो सदस्यांच्या गटाला जाहीर जागाच समजावे. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा अंकी पिन लावून ठेवावा. नकलेवर त्याचा परिणाम होत नाही, परंतु खरे खाते पळवणे त्यामुळे कठीण होते.

पैसे गेले असतील, किंवा तक्रारीची दखल घेतली जात नसेल तर

पैसे गेले असतील तर प्रथम १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. बाकी सर्व त्यानंतर. फसवणुकीची रक्कम काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवली जाते आणि ती वाटेत गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. बँकेच्या संदेशातील यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी जवळ ठेवून बोलावे. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे गेले नसले तरी तेथे तक्रार करता येते आणि करावी, कारण पुढे कोणी फसले तर ‘हे खाते माझे नव्हते आणि मी अमुक दिवशी कळवले होते’ हे सिद्ध करायला तीच पावती उपयोगी पडते. मामांच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी, तेही ‘सरांना वाईट वाटेल’ म्हणून संकोचत सांगितले, आणि तोवर उशीर झाला होता.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६ (सी) दुसऱ्याची ओळख चोरण्याविषयी आणि ६६ (डी) संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवण्याविषयी आहे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१९ देखील लागू होऊ शकते. समाजमाध्यम कंपन्यांवर २०२१ च्या नियमांनी असे बंधन घातले की तोतयेगिरीबाबत संबंधित व्यक्तीची तक्रार आल्यावर तो मजकूर २४ तासांच्या आत हटवण्यासाठी पावले उचलावीत; २०२६ च्या फेब्रुवारीत ही मुदत दोन तासांवर आणली गेली. म्हणून अॅपमधील बटण दाबून काही झाले नाही, तर कंपनीच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, बनावट खात्याच्या लिंकसह, लेखी तक्रार करावी. त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर २०२३ पासून अस्तित्वात असलेल्या तक्रार अपील समितीकडे तीस दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येते. यात वेळ जातो हे खरे, पण बटण पन्नास वेळा दाबण्यापेक्षा एक लिखित तक्रार अधिक वजनदार असते.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो, कारण तो सुशिक्षितांतही आढळतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा आला, आता आपली माहिती उचलणाऱ्यावर त्याखाली कारवाई होईल, असे अनेकांना वाटते. त्या कायद्याचे कलम ३ वाचावे. जी वैयक्तिक माहिती व्यक्तीने स्वतःच जाहीर केली आहे तिला हा कायदा लागू होत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि त्याचे स्पष्टीकरण देताना उदाहरणही समाजमाध्यमावर स्वतःची माहिती जाहीर करणाऱ्या व्यक्तीचेच घेतले आहे. फसवणूक हा गुन्हा राहतोच, तोतयेगिरी हाही गुन्हा राहतो; परंतु ‘पब्लिक’ या एका पर्यायावर बोट ठेवून टाकलेल्या छायाचित्राला या नव्या कायद्याचे छत्र मिळत नाही. ‘पब्लिक’ची खूण असलेला तो छोटा पृथ्वीगोल म्हणूनच गांभीर्याने पाहावा.

मामांचे प्रोफाइल आता लॉक आहे, कव्हरवर अजिंक्यताऱ्यावरून टिपलेला पावसाळी सातारा आहे, आणि गेल्या आठ महिन्यांत नवे बनावट खाते आढळलेले नाही. शेजाऱ्याच्या फोनवरून केलेल्या तपासणीत एकच खिडकी उघडी राहिली: एका माजी विद्यार्थी संघाच्या पब्लिक पानावर स्नेहमेळाव्याचे छायाचित्र होते, त्यात बासष्ट जणांना नावानिशी टॅग केले होते आणि ओळीत मामांच्या नावापुढे त्यांचा मोबाइल क्रमांक होता. आपल्या टाइमलाइनवर टॅग दिसू न देण्याची सोय त्याला लागू पडत नाही, कारण ते पान दुसऱ्याचे आहे; आपण फक्त आपला टॅग काढू शकतो. मामांनी तो काढला आणि संघाच्या सचिवांना फोन करून विनंती केली. सचिवांनी क्रमांक त्याच दिवशी खोडला. बाकीच्या एकसष्ट जणांचे टॅग काढायचे की नाही, याविषयी त्यांच्या गटावर अजून चर्चा चालू आहे.